गोळीची आठवण मोबाईलवर: एआरटी घेणाऱ्यांचे आणि केंद्रात काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचा रोजच्या गोळ्यांचा उपचार. केंद्रात गोळ्या मोजून झाल्या, पुढची तारीख लिहून झाली, की उठता उठता लोक हे प्रश्न विचारतात. दाराच्या मुठीवर हात ठेवून विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा खरा असतो, असा माझा समुपदेशक म्हणून अनुभव. अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही प्रश्न रुग्णांचे आहेत, काही संस्थांतल्या आणि केंद्रांतल्या सहकाऱ्यांचे.

मोबाईलवर मेसेज आला म्हणून कुणी गोळ्या नीट घेतं का?

घेतं. पण मेसेज कसला आहे आणि त्याच्या मागे कोण बसलंय, यावर ते अवलंबून आहे.

सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण केनियाचं. तिथल्या तीन दवाखान्यांत २००७ ते २००८ या काळात नव्याने एआरटी सुरू करणाऱ्या ५३८ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्या गटाला नेहमीची सेवा, आणि शिवाय दर सोमवारी सकाळी एक एसएमएस. त्या एसएमएसमध्ये एकच शब्द होता: ‘मंबो?’ स्वाहिलीत याचा अर्थ ‘काय, कसं काय?’ रुग्णाने ४८ तासांत उत्तर द्यायचं. सगळं ठीक असेल तर ‘सावा’, अडचण असेल तर ‘शिदा’. ज्याने ‘शिदा’ लिहिलं त्याला नर्स फोन करायची. ज्याने काहीच लिहिलं नाही त्यालाही फोन जायचा.

वर्षभराने पाहिलं तर गोळ्या ९५ टक्क्यांहून जास्त नियमित घेतल्याचं मेसेजच्या गटातल्या ६२ टक्के लोकांनी सांगितलं, दुसऱ्या गटातल्या ५० टक्क्यांनी. तोंडी सांगण्यावर किती भरवसा ठेवायचा, हे गोळ्या मोजणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण रक्तातला विषाणू दबल्याचं प्रमाणही ५७ आणि ४८ टक्के असं वेगळं निघालं, आणि रक्त थापा मारत नाही. हा अभ्यास २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

त्या मेसेजमध्ये गोळीचा उल्लेख नव्हता, एचआयव्हीचा नव्हता, दवाखान्याचाही नव्हता. कुणीतरी नुसती विचारपूस करत होतं आणि उत्तराची वाट बघत होतं.

मग सगळीकडे तसंच करून टाकू. अडचण काय आहे?

अडचण अशी की सगळीकडे तसा परिणाम दिसलेला नाही.

कॅमेरूनची राजधानी याउंडे इथे २०० जणांवर असाच अभ्यास झाला. तिथे दर आठवड्याला हुरूप वाढवणारे मेसेज जायचे. गोळ्या घेण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. आपल्या शेजारी, दक्षिण भारतात, ६३१ जणांना दोन वर्षं दर आठवड्याला त्यांच्या भाषेत आपोआप जाणारा आवाजी फोन आणि त्यानंतर एक चित्रसंदेश पाठवला. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: उपचार निकामी होण्याच्या प्रमाणात फरक नाही. खुद्द केनियात, नैरोबीच्या किबेरा वस्तीत, तोच सोमवारचा ‘मंबो’ पुन्हा वापरून पाहिला. या वेळी प्रश्न होता, लोक वर्षभर दवाखान्याशी जोडलेले राहतात का. तिथेही दोन्ही गट सारखेच निघाले.

मला यातून जे कळतं ते सांगते, ते पटलंच पाहिजे असं नाही. मेसेज हे विसरण्यावरचं औषध आहे. माणूस गोळी विसरत असेल, एकटा पडला असेल, बारीकसारीक त्रास कुणाला सांगावा हे कळत नसेल, तर मेसेज उपयोगी पडतो. पण तो केंद्रावर येतच नाही कारण एसटीचं भाडं परवडत नाही, दिवसाची हजेरी बुडते, किंवा रांगेत गावचं कुणी भेटेल अशी भीती आहे, तर तो काहीही विसरलेला नसतो. तारीख त्याला तोंडपाठ असते.

दक्षिण भारतातल्या अभ्यासाबद्दल आणखी एक शंका मला येते. जिथे समुपदेशन आधीच बरं चाललंय, तिथे यंत्राच्या फोनने भर काय पडणार? एकाच रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा फोन चाळिसाव्यांदा आला की माणूस तो ऐकत नाही, कापतो. मोबाईल कंपन्यांच्या जाहिरातींनी आपल्याला ती सवय चांगलीच लावली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत मोबाईल मेसेजची शिफारस केली, ती इतर मदतीच्या जोडीने वापरायचं एक साधन म्हणून. ‘जोडीने’ हा शब्द प्रस्ताव लिहिताना नेमका गळतो.

रोज मेसेज आला तर जास्त फायदा होईल ना? गोळी तर रोजची आहे.

वाटतं तसं, पण नाही. पश्चिम केनियातल्या एका ग्रामीण दवाखान्यात ४३१ जणांवर हे तपासलं गेलं. काहींना रोज मेसेज, काहींना आठवड्याला एक, काहींना काहीच नाही. ४८ आठवड्यांत किमान ९० टक्के नियमितपणा राखणारे आठवड्याच्या मेसेजवाल्यांत ५३ टक्के निघाले, मेसेज नसलेल्यांत ४० टक्के. रोजच्या मेसेजने मात्र फायदा दिसला नाही. मेसेज छोटा ठेवला काय आणि ‘धीर धरा, आम्हाला तुमची काळजी आहे’ अशी शेपटी जोडली काय, त्यानेही विशेष फरक पडला नाही.

कारण आपण घरात रोज अनुभवतो. आई रोज ‘अभ्यास कर’ म्हणते ते कानावर पडतं, आत जात नाही. मामा दिवाळीला येऊन एकदा विचारतो तेव्हा पोरगं दचकतं.

एखादी गोळी राहिली तर एवढं काय बिघडतं?

हिशेब सोपा आहे. दिवसाला एक गोळी, महिन्याला तीस. एक चुकली तर नियमितपणा ९६-९७ टक्के. दोन चुकल्या की ९३ वर आला. आपल्याकडे ९५ टक्क्यांची रेघ मानतात, म्हणजे महिन्यात दुसरी गोळी चुकली की समुपदेशकाच्या भुवया वर जातात.

२०२० नंतर आपल्याकडे बहुतेकांची गोळी टीएलडी झाली, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकाच गोळीत. आधीच्या औषधांपेक्षा ही जरा खमकी आहे. विषाणूला तिच्याविरुद्ध तयार व्हायला जड जातं. त्यामुळे एका चुकीने आभाळ कोसळत नाही. पण खमकी म्हणून गृहीत धरायची नसते.

चुकलेली गोळी आठवली तर काय करू?

आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीला अगदी थोडे तास उरले असतील, तर चुकलेली सोडून द्या आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्या. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नका. आणि पुढच्या तारखेला समुपदेशकापासून लपवू नका. चार गोळ्या कचऱ्यात टाकून हिशेब जुळवून आणणारे आम्हाला ओळखू येतात. त्यांचा राग येत नाही, वाईट वाटतं.

मेसेजमध्ये काय लिहावं?

जे बसमध्ये शेजारी बसलेल्याने वाचलं तरी चालेल, ते.

‘एआरटी’, ‘एचआयव्ही’, ‘सीडी४’, ‘व्हायरल लोड’, ‘समुपदेशन केंद्र’ हे शब्द नकोत. ‘गोळी’सुद्धा मी टाळते. ‘तुमची गोळी घेतली का’ असा मेसेज नवऱ्याने वाचला की कसली गोळी, कुणाची गोळी, इथून सुरुवात होते. मेसेजच्या मजकुराइतकाच महत्त्वाचा असतो पाठवणाऱ्याचा नंबर कोणत्या नावाने सेव्ह केलाय. ‘एआरटी मॅडम’ या नावाने माझा नंबर सेव्ह केलेले फोन मी स्वतः पाहिले आहेत. त्याच बैठकीत नाव बदलून द्या. ‘सुनीता ताई’, ‘बचतगट’, ‘शिलाई क्लास’, जे त्या माणसाच्या आयुष्यात शोभेल ते.

एक साधा नमुना देते: ‘कसे आहात? ठीक असेल तर १, बोलायचे असेल तर २ पाठवा.’ यात काही फुटत नाही, आणि उत्तर द्यायला टाइप करता यायची गरज नाही. कुणाला ‘काय म्हणताय?’ एवढंच आवडतं. मराठवाड्यातल्या एका काकांनी सांगितलं होतं, ‘तुम्ही नुसतं रामराम लिवा, मला कळतंय.’ त्यांच्यासाठी तोच मेसेज ठरला. शब्द रुग्णाने ठरवलेले असले की खूण पटते. आपण समितीत बसून ठरवलेला मजकूर सरकारी परिपत्रकासारखा वाजतो.

तारखेची आठवण द्यायची असेल तर ‘गुरुवारी भेटू’ एवढं पुरतं.

मेसेज इंग्रजीतून यावा की मराठीतून?

मराठीतून. पण पाठवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इंग्रजी अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीच्या एसएमएसमध्ये फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात. ‘कसे’ हा डोळ्यांना दोन अक्षरांचा शब्द यंत्राला तीन अक्षरांचा दिसतो. सत्तरच्या पुढे गेलात की मेसेजचे तुकडे होतात, पैसे दुप्पट लागतात. वरचा नमुना ४९ मध्ये बसतो.

रोमन लिपीत मराठी लिहून पैसे वाचवता येतात. तरुण मुलांना त्याचं काही वाटत नाही, ती एकमेकांना तसंच लिहितात. पन्नाशीच्या बाईला मात्र ते वाचताना घाम फुटतो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय?

त्यांना मेसेज पाठवू नका. कारण ते तो दुसऱ्याला वाचायला देतात, बहुतेक वेळा शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा पुतण्याला.

त्यांच्यासाठी मिस्ड कॉल आहे. ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी एक रिंग द्यायची, त्यांनी उलट एक रिंग द्यायची. दोन रिंगा दिल्या तर ‘मला फोन करा’. खर्च शून्य, वाचायला काही नाही, आणि मिस्ड कॉल बघून कुणी संशय घेत नाही. ही भाषा आपल्या लोकांनी फार पूर्वीच तयार केली आहे. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे ती बोलतात.

याच सवयीवर भारतात एक पद्धत उभी राहिली, ‘९९ डॉट्स’. टीबीच्या गोळ्यांच्या पाकिटात प्रत्येक गोळीमागे एक नंबर छापलेला असायचा. गोळी काढली की नंबर दिसायचा, त्यावर मोफत फोन लावायचा, की आज गोळी निघाली अशी नोंद व्हायची. टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्यांना एआरटी केंद्रांतून ती मिळायची. गोळी निघाली म्हणजे पोटात गेलीच असं नाही, हे खरं. तरी माणूस स्वतःहून फोन करतो ही कल्पना मला अजूनही आवडते.

घरात एकच फोन आहे आणि तो नवऱ्याकडे, सासऱ्यांकडे असतो. मग?

मग मेसेजची सोय तुमच्यासाठी नाही, आणि ती नाकारण्यात काही चूक नाही. ‘फोन नंबर आहे का?’ असं विचारून केंद्रावर नोंद होते. खरा प्रश्न असतो ‘फोन कुणाच्या हातात असतो?’ हे समुपदेशकाने विचारलं नाही तर तुम्ही सांगा.

स्वतःचा फोन असला तरी स्क्रीन बंद असताना मेसेजचा मजकूर वर दिसतो का, ते तपासा. सेटिंगमध्ये नोटिफिकेशनचा मजकूर लपवता येतो. येत नसेल तर केंद्रावर कुणालाही सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. पाठवलेलं आणि आलेलं पुसायची सवय लावा, पण फक्त आमचेच मेसेज पुसू नका. सगळी यादी भरलेली आणि एकाच नावाखाली काहीच नाही, हे संशय घेणाऱ्याला आधी दिसतं.

माझा नंबर आणि माझी माहिती बाहेर गेली तर? कायदा काही म्हणतो का?

म्हणतो, आणि स्पष्ट म्हणतो. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कायद्यात दिलेले मोजके अपवाद सोडले, तर तुमच्या लेखी संमतीशिवाय तुमची एचआयव्हीची स्थिती कुणालाही सांगता येत नाही. ही माहिती ज्यांच्याकडे साठवलेली असते त्या संस्थांनी ती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करायची असते. तक्रारीसाठी राज्यात लोकपाल नेमण्याची तरतूदही त्यात आहे.

याचा मेसेजशी थेट संबंध आहे. कंत्राटी कंपनीला ‘एआरटी रुग्ण’ असं शीर्षक असलेली नंबरांची यादी पाठवणं म्हणजे तुमची स्थिती उघड करणंच झालं, मेसेजमध्ये मग काहीही लिहिलेलं असो. यादी कुणाकडे आहे, कोणत्या फोनमध्ये आहे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सरकारी एआरटी केंद्रातून असा मेसेज येतो का?

केंद्राकेंद्राप्रमाणे फरक आहे. काही ठिकाणी तारखेची आठवण जाते, काही ठिकाणी तारीख चुकली की समुपदेशकाचा किंवा फिरत्या कार्यकर्त्याचा फोन येतो. तुमच्या केंद्रात काय चालतं ते तिथेच विचारा. औषध, तपासणी, समुपदेशन हे सगळं मोफत आहे. मेसेज लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

मी ऊसतोडीला जातो. सहा महिने गावात नसतो. मेसेजचा काय उपयोग?

हा प्रश्न दरवर्षी दसऱ्याच्या आसपास येतो. बीडकडचे कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, दिवाळीच्या सुमारास निघतात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी थेट कर्नाटकात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत येत नाहीत. फडात फोन चार्ज करायला जागा नसते. टोळीच्या एकाच फोनवर मुकादमाचे, घरचे, सगळ्यांचे फोन येतात. सिम बदलतं. अशा माणसाला सोमवारी सकाळी ‘कसे आहात’ विचारलं तर ते विचारणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो पहाटे चारला उठून गाडी भरत असतो.

इथे मेसेज निघण्याआधी हवा. दसऱ्याच्या आधी दोन आठवडे एक मेसेज किंवा फोन: ‘निघायच्या आधी भेटून जा.’ केंद्रावर आलात की तीन गोष्टी करा. कोणत्या कारखान्याकडे जाणार ते सांगा, म्हणजे जास्त महिन्यांच्या गोळ्या देता येतील का ते पाहता येतं, किंवा त्या भागातल्या एआरटी केंद्राशी वा त्याला जोडलेल्या छोट्या (लिंक एआरटी) केंद्राशी बोलून ठेवता येतं. आपली उपचाराची पुस्तिका सोबत घ्या. गावी पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. आणि टोळीतला किंवा घरातला एक विश्वासाचा नंबर द्या, पण त्या माणसाला किती माहीत आहे तेही आम्हाला सांगा. नाहीतर आम्ही काळजीपोटी फोन करतो आणि नको ते बोलून बसतो.

मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असताना मधेच सुट्टी मागणं किती अवघड असतं याची मला कल्पना आहे. म्हणूनच सगळं आधी.

अलार्म लावला तर मेसेजची गरज काय?

विसरण्यापुरता अलार्म उत्तमच. फुकट आहे, खाजगी आहे. फक्त त्याला नाव देताना डोकं वापरा, ‘दूध’ किंवा ‘पाणी सोडणे’ असं काहीतरी. आणि ज्या वेळी तुम्ही खरोखर मोकळे आणि घरात असता ती वेळ धरा. रात्री नऊचा अलार्म लावून नऊला किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेले असाल, तर पंधरा दिवसांत अलार्म बंद करण्याची सवय लागते, गोळीची नाही.

अलार्मपेक्षा पक्की गाठ म्हणजे रोजचं एखादं काम. रात्रीच्या बातम्या, देवापुढचा दिवा, जेवणानंतरची तंबाखू. तंबाखू सोडा असं मी म्हणतेच, पण ती सुटेपर्यंत तिचा उपयोग करून घ्यायला हरकत नाही.

अलार्म ‘काय झालं?’ असं मात्र विचारत नाही. उलट्या होत आहेत, झोप लागत नाही, दीराला कळलंय: हे अलार्मला सांगता येत नाही.

टीबीचंही औषध चालू आहे. काही वेगळं करायचं का?

हो. टीबीच्या उपचारातल्या रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविरचा असर कमी होतो. म्हणून टीएलडीच्या गोळीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी देतात. चुकते ती हीच. पहिलीची सवय असते, दुसरी नवी असते. या काळात दुसऱ्या गोळीसाठी वेगळा अलार्म लावा.

गरोदर बायकांसाठी आणखी एक: लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, तसंच पित्ताची काही औषधं डोल्युटेग्राविरला अडवतात. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची, असा साधारण नियम आहे. सगळ्या गोळ्या एका डबीत ठेवून एका घोटात घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून वेळा लिहून घ्याव्यात.

माझ्या नातवाला जन्मापासून आहे. आता पंधरा वर्षांचा झालाय. त्याच्या फोनवर मेसेज लावू का?

आजी, आधी एक विचारते: त्याला काय आहे ते त्याला माहीत आहे का?

अनेक घरांत ‘छातीची गोळी’, ‘रक्त वाढायची गोळी’ म्हणून वर्षानुवर्षं देतात. मुलं आमच्या-तुमच्या अंदाजापेक्षा खूप आधी गोळीच्या डबीवरचं नाव मोबाईलवर शोधतात. त्याला कुणी नीट सांगितलेलं नसताना मेसेज सुरू करू नका. आधी समुपदेशकाबरोबर बसून त्याला सांगायचं, वेळ घेऊन, एकापेक्षा जास्त बैठकांत. मग मेसेज हवा की नको, कोणत्या शब्दांत, हे त्यालाच ठरवू द्या.

या वयाची मुलं विसरत नाहीत, कंटाळतात. मित्रांबरोबर सहलीला जाताना गोळी मुद्दाम घरी ठेवतात. त्यांना ‘गोळी घेतली का’ हा प्रश्न लहानपणापासून इतक्यांदा विचारलेला असतो की तो आणखी एका यंत्राने विचारण्यात अर्थ नाही. ‘काल मॅच बघितली का?’ हा मेसेज मी एका मुलाला वर्षभर पाठवला आहे. त्याला काय विचारतेय ते त्याला कळायचं.

व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहे. ग्रुप का काढत नाही?

ग्रुप नको, कारण ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. आपणहून एकमेकांना ओळखणाऱ्या, उघडपणे बोलणाऱ्या लोकांचा गट असेल तर गोष्ट वेगळी. केंद्राने किंवा संस्थेने सगळ्या रुग्णांचा ग्रुप करणं म्हणजे यादी चौकात लावणं आहे.

एकास एक व्हॉट्सॲप चालतं, आवाजी निरोप पाठवता येतो हा त्याचा मोठा फायदा. पण प्रोफाइलच्या फोटोत संस्थेचं बोधचिन्ह आणि एड्सची लाल फीत नको. आणि स्टेटसला जागतिक एड्स दिनाचे फोटो लावणारा नंबर त्याच कामासाठी वापरू नका.

आमच्या संस्थेला हे सुरू करायचं आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर कोण वाचणार, इथून. सॉफ्टवेअर शेवटी येतं.

केनियात तो हिशेबही मांडला गेला होता: एक नर्स हजार रुग्णांना आठवड्याचा मेसेज पाठवू शकते आणि त्यातल्या साधारण ३३ जणांना अडचणीसाठी फोन करावा लागेल. बाकीचे ‘सावा’ म्हणून मोकळे होतात. हे ऐकायला सोपं वाटतं. पण ते ३३ फोन त्याच आठवड्यात झाले पाहिजेत. ‘२’ पाठवून तीन दिवस कुणाचा फोन आला नाही, तर तो माणूस पुन्हा ‘२’ पाठवत नाही. मग तो कायम ‘१’ पाठवतो आणि आपण अहवालात लिहितो, सर्व ठीक.

दुसरी अडचण आपल्या देशातली. इथे संस्था म्हणून घाऊक एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. तसे मेसेज नंबराऐवजी त्या छोट्या नावाने येतात, आणि त्या नावाला उलट उत्तर पाठवता येत नाही. म्हणजे ‘मंबो’चा अर्धा जीव, उत्तर देण्याचा, तिथेच जातो. वर त्या नावातच संस्थेची ओळख असेल, तर मजकूर कितीही झाकला तरी उपयोग नाही. त्यामुळे लहान संस्थांना माझा सल्ला: एक साधा फोन, एक साधं सिम, दोनशेच्या आत माणसं, आणि त्या फोनची जबाबदारी ठरलेल्या दोघांकडे. फोनला कुलूप. नंबरापुढे पूर्ण नाव किंवा आजार नाही.

संमती लेखी घ्या आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. सहा महिन्यांत लग्न होतं, फोन हरवतो, घरात कळतं, नोकरी बदलते. नंबर बदलणं हे तर आपल्याकडे ऋतू बदलण्यासारखं आहे. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला मिळतो, म्हणून तीन मेसेजना उत्तर नाही आलं की फोन करून आवाज ओळखा, मगच पुढे पाठवा. अनोळखी आवाज आला तर ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून द्या.

आणि रविवारचं काय, दिवाळीचं काय, मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तर काय, हे आधीच ठरवा. प्रकल्पाचा निधी संपला म्हणून सोमवारचा मेसेज अचानक बंद पडला, की लोकांना वाटतं आपलं काही चुकलं. मला एका बाईंनी विचारलं होतं, ‘रागावलात का?’

व्हायरल लोड सापडत नाही असा रिपोर्ट आला. आता मेसेज बंद करू का?

मेसेज बंद करा हवं तर. गोळी बंद करू नका.

विषाणू चाचणीत सापडत नाही इतका दबला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. ही मोठी गोष्ट आहे, आणि ती जोडीदारालाही केंद्रावर बसवून ऐकवावी. पण दबलाय तो गोळीमुळे. चाचणी साधारणपणे सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी होते. पहिली दोन वर्षं मेसेज घेऊन पुढे ज्यांना त्याची गरज वाटत नाही त्यांना आम्ही आग्रह करत नाही. काहीजण दहा वर्षांनीही ‘राहू द्या’ म्हणतात.

‘महिन्यात मुळापासून बरे व्हा’ असा मेसेज आला. खरं आहे का?

नाही. लिंक उघडू नका, पैसे पाठवू नका, आणि तुमचा नंबर त्यांना कुठून मिळाला असेल याबद्दल केंद्रात सांगा.

मेसेज नको झाले तर?

‘नको’ म्हणा, कारण द्यायची गरज नाही. त्याने औषध, तपासणी, तारीख यांत काही फरक पडत नाही. पुन्हा हवे झाले तर पुन्हा सांगा.

रात्री-अपरात्री काही विचारायचं असेल तर?

मेसेजचा फोन रात्री बंद असतो, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. एचआयव्हीविषयी माहिती आणि सल्ल्यासाठी १०९७ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. अंगावर पुरळ उठून ताप, डोळे पिवळे, श्वास लागणं असं काही असेल तर फोनची वाट न बघता जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. जाताना पुस्तिका आणि गोळ्यांची डबी न्या. डबी कागदात गुंडाळून नेली तरी चालते.